दोराचं दुसरं टोक

फार मागं, कडेकपारींवर माणसांपेक्षा माश्यांचं राज्य जास्त होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका काळ्या कड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात खेमा नावाचा एक मध काढणारा राहत होता.

दर चैत्रात त्या कड्याच्या पलीकडच्या, खोऱ्याकडच्या पोटाला आग्या माश्यांची मोहोळं लागत. एकेक पोळं सुपाएवढं. खालून तिथं शिडी पोचत नसे, म्हणून मध काढणारा कड्याच्या माथ्यावरून दोरानं खाली उतरे. ओल्या पाल्याची धुरी करून माश्या उठवी, बांबूच्या पात्यानं पोळं कापी आणि करंडीत भरून वर येई. अर्धं पोळं माश्यांना ठेवायचं आणि अर्धंच आपण घ्यायचं, असा नेम होता.

वर दोर कुणी धरायचा, याचाही नेम ठरलेला होता. दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. सख्खा भाऊ नको, दोस्त नको, शेजारी तर नकोच. जुनी माणसं म्हणत, "सख्ख्या भावाच्या मनात कधी शेताचा बांध येईल, सांगता येत नाही. पण ज्याच्या मुठीत बहिणीचं कुंकू आहे, त्याची मूठ सैल पडायची नाही." त्या म्हाताऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगलाच ठाऊक होता म्हणायचा.

कड्यावर वारा असा घोंगावे की हाक मारली तर ती हाक मारणाऱ्यालाच ऐकू येत नसे. म्हणून बोलणं दोरावरून चाले. दोन हिसके म्हणजे आणखी खाली सोड. तीन हिसके म्हणजे वर ओढ. आणि एक हिसका म्हणजे, "आहेस का?" त्यावर दुसऱ्या टोकानं एकच हिसका द्यायचा, "आहे." काही काम नसलं तरी अधूनमधून हा एक हिसका द्यायचाच. खाली लोंबकळणाऱ्या माणसाला त्याचा फार आधार वाटे.

खेमाचा दोर त्याचा मेहुणा धरी. मेहुणा डोंगरापलीकडच्या खोऱ्यात राहायचा. अंगानं दांडगा आणि बोलायला कंजूष. आठ चैत्र त्यानं खेमाला सुखरूप खाली सोडलं आणि सुखरूप वर घेतलं. खेमाची बायको गिरजा माथ्यावर भाकरी घेऊन यायची, बरोबर छोटी चिमी असायची, आणि करंडी वर आली की पहिलं बोट चिमीचं मधात बुडायचं.

असं सगळं छान चाललं होतं. मग खेमा मोहाची दारू घ्यायला लागला. आधी तो कड्यावरून आल्यावर हातापायात ऊब यावी म्हणून घेई. मग कड्यावर जायच्या आधी भीती मोडावी म्हणून घेऊ लागला. पुढं पुढं कड्याचं नावही लागेना, संध्याकाळ झाली एवढं कारण पुरे झालं.

एका चैत्रात तो सकाळीच भट्टीवरून कड्यावर गेला. वास येऊ नये म्हणून तोंडात लिंबाचा पाला चघळत होता. मेहुण्यानं त्याला खाली सोडलं. थोड्या वेळानं वरून एक हिसका दिला, "आहेस का?" खालून उत्तर नाही. पुन्हा दिला. उत्तर नाही. तिसऱ्यांदा दोर तसाच मुका राहिला, तेव्हा मेहुण्यानं पाय रोवले. माश्यांनी घेतला, दाजी गेले, असं त्याला वाटलं. त्यानं एकट्यानं, न थांबता, खेमाला वर ओढून घेतलं. खेमाचं डोकं माथ्यावर आलं तेव्हा मेहुण्याच्या तळहातांची सालं दोरावर राहिली होती.

खेमा जिवंत होता. दोराच्या फासात बसल्या बसल्या मान टाकून घोरत होता.

मेहुण्यानं रक्ताळलेले हात पंच्याला पुसले. तो म्हणाला, "दाजी, मी दोर तुमच्यासाठी धरत नव्हतो, बहिणीसाठी धरत होतो. आता बहिणीलाच घरी नेतो, म्हणजे माझे हात सुटले."

गिरजानं आदळआपट केली नाही. तिनं दोन लुगडी आणि चिमीची झबली बोचक्यात बांधली. उंबऱ्यावर थांबून ती म्हणाली, "पुढच्या चैत्रात या कड्यावरचा मध माझ्या दारात आणा. मध आला, म्हणजे कुणीतरी तुमचा दोर धरला असं मी समजेन. आणि कुणी दोर धरला, म्हणजे तुम्ही धरण्याजोगे झालात असं समजेन. त्या दिवशी मी परत येईन. नाहीतर नाही."

आणि ती गेली.

रिकाम्या घरात पहिले चार दिवस खेमानं खूप राग राग केला. पाचव्या दिवशी त्याला चुलीमागं चिमीची चिंधीची बाहुली सापडली, आणि राग कुठल्या कुठं गेला. उरली ती नुसती हुरहुर. चुलीतली राख बघितली तरी त्याला गिरजा आठवे. कड्याकडं बघितलं की वाटे, त्या माथ्यावरून पलीकडचं खोरं दिसतं, खोऱ्यात चिंचेखालचं कौलारू घर दिसतं, आणि आपण मात्र इथं खाली बसलोय.

त्यानं ठरवलं, सोडायची. कुणाला सांगायचं नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. एकट्यानं सोडायची आणि मग जगाला दाखवायचं. देवीपुढं त्यानं शपथ घेतली. ती तीन दिवस टिकली. दुसरी शपथ घेतली, ती दीड दिवस. मग त्यानं आपला कड्याचा दोर काढला आणि सांज व्हायच्या आत स्वतःला घरातल्या मेढीच्या खांबाला करकचून बांधून घेतलं. मध काढणाऱ्याची गाठ, हत्तीलाही सुटायची नाही अशी. पण आपल्या हातानं मारलेली गाठ आपल्या हातानं सुटतेच. दिवेलागणीला खेमा भट्टीवर हजर होता.

असा पाऊसकाळ सरत आला. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी तो पुन्हा भट्टीकडं निघाला. गावाबाहेर वाट फुटते तिथं एक मोठा धोंडा होता. त्या धोंड्यावर गावचा म्हातारा कुंभार बसला होता. गाव त्याला आबा म्हणे. बायको वारल्यापासून आबा एकटाच होता, आणि बारा वर्षं त्याचा हात चाकावर कमी आणि वाडग्यावर जास्त असे. त्याच्या हाताचा रांजण एकेकाळी पाच गावांत जाई. आता हात इतके कापत की मडक्याचा गळासुद्धा सरळ उतरत नसे.

"काय आबा, झाली का घेऊन?" खेमानं विचारलं.

"नाही," आबा म्हणाला. "आज नको वाटत होतं. पण पाय निघाले. इथवर आलो आणि बसलो. म्हटलं, कुणी आलं की बघू."

"मग चला."

"तू हो पुढं. मी येतो."

खेमा पुढं होईना. त्यालाही आतून नको वाटत होतं, फक्त तसं म्हणायला कुणी भेटलं नव्हतं. तो धोंड्याच्या दुसऱ्या कडेला टेकला. "तुम्ही उठा, मग मी उठतो," तो म्हणाला.

"मी तू उठायची वाट बघतोय, लेका."

तू आधी, मी आधी, असं करत दोघे बसून राहिले. अंधार पडला, डास फोडून काढायला लागले, तसे दोघे उठले आणि आपापल्या घरी गेले. घरी पोचल्यावर खेमाच्या लक्षात आलं की आजची संध्याकाळ कोरडी गेली. शपथेनं न झालेलं काम एका धोंड्यानं आणि एका म्हाताऱ्यानं करून टाकलं होतं.

सकाळी मात्र आबाचं सगळं अंग थडथड उडत होतं आणि खेमाही घामानं निथळत होता. गावची वैदीण आली. तिनं दोघांच्या नाड्या बघितल्या आणि दोघांनाही झापलं. "इतक्या वर्षांची सवय अशी एका झटक्यात तोडतात का? अंगात झटके येऊन जिवावर बेतेल. रोज माझ्यासमोर येऊन बसायचं, आणि थोडी थोडी कमी करायची."

"थोडी म्हणजे किती?" आबानं विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. वाडगी तुम्हीच करता ना गावाची?"

आबाला यातून कल्पना सुचली. त्यानं चाकावर दोन वाट्या केल्या, कडा वाकड्या पण मापानं अगदी सारख्या, नेहमीच्या वाडग्याहून थोड्या लहान. एक खेमाची, एक त्याची. दिवसाला एवढंच. आठवड्यानं त्याहून लहान जोडी केली. मग त्याहून लहान. दोघं मिळून भट्टीवर जात, वाटी भरून घेत आणि मिळूनच परत फिरत. भट्टीवाली हसून हसून बेजार व्हायची. "अगं बाई, हे काय आणलंत? चिमणीला पाणी पाजायचंय का?" पण तिचं हसणंही दर आठवड्याला लहान होत गेलं. दिवाळीला वाटी आवळ्याएवढी झाली. कार्तिक सरताना आबानं बोराएवढी शेवटची जोडी केली, आणि त्यानंतर दोघांनी आपापली वाटी कोनाड्यात पालथी घातली.

वाटी पालथी घातली म्हणून तहान पालथी होत नाही. ती आपली रोज ठरल्या वेळी येऊन दारात बसे. गुरं परतायच्या सुमाराला खेमाच्या जिभेला कोरड पडे, घर खायला उठे, आणि पाय आपोआप चपलेत शिरत. पलीकडं आबाचीही तीच गत. दोन घरांच्या मधोमध ओढा. रोज किती वेळा ओलांडणार?

एकदा असाच चपलेत पाय घालून उभा असताना खेमाची नजर खुंटीवरच्या दोरावर गेली. कड्याचा दोर, दोनशे हातांचा, नुसता पडून होता. दुसऱ्या दिवशी त्यानं त्याचं एक टोक आपल्या ओसरीच्या खांबाला आणलं, ओढ्याकाठच्या उंबराच्या बेचक्यातून दोर पलीकडं नेला आणि दुसरं टोक आबाच्या खुंटीला गुंडाळलं. दोन्हीकडं फुटक्या मडक्याचे गळे बांधले, म्हणजे हिसका बसला की ते खडखडावेत.

"तहान लागली की एक हिसका द्यायचा," खेमानं सांगितलं. "आहेस का? तिकडून एक हिसका येईल, आहे. नाही आला, तर असाल तसं पळत यायचं."

"आणि उगाच दिला तर?" आबानं विचारलं.

"उगाचही द्यायचा."

गावानं यथेच्छ करमणूक करून घेतली. कुणी म्हणालं, दोघा पिणाऱ्यांनी एक दावं घेतलं, आता म्हैस कोण ते ठरवा. पोरं दोराला लोंबकळली, बायकांनी त्यावर गोधड्या वाळत घातल्या. रोज सांजेला मडक्याचा गळा खडखडे, आणि ओढ्यापलीकडून दुसरा खडखडे. कधी दहा वेळा, कधी वीस वेळा. आबाचा हिसका थरथरत येई. तो ओळखू येई, आणि आला की खेमा चपला काढून ठेवी.

फाल्गुन गेला. कड्यावर मोहोळं लागली. खेमाला रात्रंदिवस चिंचेखालचं घर दिसायला लागलं. तो पलीकडच्या खोऱ्यात गेला आणि मेहुण्याच्या दारात उभा राहिला.

"वाटी पालथी घातल्याला पाच महिने होत आले," तो म्हणाला. "यंदा दोर धरा."

मेहुण्यानं आपले तळहात समोर केले. त्यावर आडवे पांढरे वण होते. "दाजी, हे अजून ठणकतात," तो म्हणाला. "पाच महिने तुमचं तोंड बोलतंय. माझ्या हातांना अजून खरं वाटत नाही."

आत बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. दाराआडून चिमी डोकावली. वर्षात ती चांगली वीतभर वाढली होती. तिनं खेमाकडं नीट बघितलं आणि आत वळून विचारलं, "आई, कोण आलंय?"

हे ऐकायला आपण का जिवंत राहिलो, असं खेमाला वाटलं. तो आल्या पावली माघारी फिरला.

गावात आल्यावर आबा म्हणाला, "आठ दिवस थांब. मी बोलतो तुझ्या मेहुण्याशी. आणि कुणीच नाही आलं, तर मी धरीन दोर."

खेमानं आबाच्या हातांकडं बघितलं. ते मांडीवर ठेवले तरी हलत होते. त्याची नजर आबाला कळली. आबानं हात पंच्याखाली घेतले.

खेमाच्या डोक्यात आता एकच घुमत होतं. मी पीत नाही ना? मग मला धरणारा हवा कशाला? माझे हात कापत नाहीत, माझं डोकं ताळ्यावर आहे. दोर झाडाला बांधीन. झाड तर मेहुण्याहून बळकट. मध काढीन, दारात नेऊन ठेवीन. धरला कुणी, हे कोण विचारतंय?

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं आपल्या खांबावरचं टोक सोडलं आणि तो ओढा ओलांडून गेला. आबा झोपला होता. खेमानं आबाच्या खुंटीवरून दोर सोडला, गुंडाळून खांद्यावर टाकला आणि कड्याची वाट धरली.

माथ्यावर एक जुनं हिरड्याचं झाड होतं. त्याच्या बुंध्याला त्यानं दोर बांधला, ओढून बघितला आणि धुरी पेटवून खाली उतरला. सगळं बिनचूक झालं. दोर कणभर सरकला नाही. पोळं त्याच्या खाली दोन हातांवर होतं, भरलेलं, मधानं जड झालेलं. माश्या धुरानं उठत होत्या. समोर सगळं खोरं उन्हात उघडं पडलं होतं. त्यात चिंच होती, चिंचेखाली कौलं होती, आणि अंगणात पिवळं लुगडं वाळत होतं. आज तिथं जायचं. आजच.

त्यानं पात्याला हात घातला, आणि जुन्या सवयीनं दोराला एक हिसका दिला. आहेस का?

झाडानं काही उत्तर दिलं नाही. झाड कशाला उत्तर देईल?

खेमा लोंबकळत राहिला. त्यानं पुन्हा हिसका दिला. दोर तसाच ताठ आणि मुका. असा मुका दोर हातात धरून वर्षापूर्वी मेहुणा उभा होता, हे तेव्हा त्याला पहिल्यांदा उमगलं. आणि मागोमाग दुसरी गोष्ट आठवली. आबाची खुंटी रिकामी होती. आबा उठला असेल. काल मी त्याच्या हातांकडं तसं बघितलं, ते त्याच्या मनात असेल. त्यानं दोर चाचपला असेल, आणि तिथं नुसती खुंटी असेल.

पोळं दोन हातांवर होतं. कापायला घटकाभरही लागली नसती. मध घेऊन मग आबाकडं गेलं तर? खेमानं चिंचेकडं बघितलं, पोळ्याकडं बघितलं. त्याला रडू आलं. पण घटकाभरात काय काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं पातं कमरेला खोचलं आणि वर चढायला लागला.

वर ओढणारं कुणी नव्हतं. दोनशे हातांच्या दोरातलं निम्मं अंतर त्याला आपल्याच मुठींनी तोडावं लागलं. अर्ध्यात तळहात फाटले, पुढं दोर ओला लागायला लागला. माथ्यावर पोचून तो दम घ्यायलाही थांबला नाही. दोर तिथंच टाकून पळत सुटला.

आबाची झोपडी उघडी होती आणि आत कुणी नव्हतं. धोंड्यावरही कुणी नव्हतं. आबा भट्टीवर होता. पुढ्यात मोठा वाडगा, एक रिता करून दुसरा भरलेला.

आबानं मान वर केली. "खुंटीला दोर नव्हता," तो म्हणाला. "मी तीनदा चाचपला. म्हटलं, हात कापणाऱ्या माणसाला कोण धरून ठेवणार? न्यायचा तर नेला असशील."

"चुकलो, आबा."

खेमा त्याच्या शेजारी बसला. वाडग्यातून वास आला. पाच महिन्यांनी इतक्या जवळून आला. खरं सांगायचं तर आबाला वाचवायला आलेल्या खेमाच्या तोंडाला त्या वासानं पाणी सुटलं. हात फाटले होते, मध गेला होता, बायको दुरावली होती. आता राहिलंय काय, असं आतलं कुणीतरी गोड आवाजात म्हणत होतं.

"उठा, आबा," तो कसाबसा म्हणाला.

"तू उठ आधी."

"मला नाही उठवत. तुम्ही उठलात तर मी उठेन."

आबानं त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि पोराला काय होतंय ते त्याला कळलं. भिंतीचा आधार घेऊन तो उठला. खेमाच्या काखेत हात घालून त्यानं खेमालाही उठवलं. कोण कुणाला न्यायला आलं होतं, ते आता सांगणं अवघड होतं.

तेवढ्यात दारात सावली पडली. मेहुणा धापा टाकत उभा होता. सकाळी गिरजानं अंगणातून कड्यावरचा धूर बघितला होता. चैत्र लागल्यापासून ती रोजच बघत होती. "दादा, दोरावर माणूस आहे आणि माथ्यावर कुणी नाही," असं ती ओरडली, आणि मेहुणा डोंगर चढून पळत आला होता. माथ्यावर त्याला झाडाला बांधलेला रिकामा दोर मिळाला. आता मिळाले ते दाजी, भट्टीत, भरल्या वाडग्यासमोर.

"वाटलंच होतं," तो म्हणाला आणि वळला.

खेमानं सफाई दिली नाही. सफाई देण्याजोगं आपण काही केलंय, असं त्याला वाटतच नव्हतं.

"ए दांडग्या, थांब," आबा म्हणाला. "प्यालोय मी. हा नाही प्यालेला. मी बुडत होतो म्हणून हा मोहोळ तसंच सोडून आलाय. त्याचे हात बघ."

मेहुणा माघारी आला. त्यानं खेमाची मनगटं धरून तळहात उलटे केले. सालं निघाली होती, आडवी, जिथं त्याची स्वतःची निघाली होती अगदी तिथंच. दुसऱ्यासाठी दोर ओढला की हात कसे होतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"हळद लावा," तो शेवटी म्हणाला. "हात भरले की सांगा. येतो मी."

हात भरायला बारा दिवस गेले. आबाच्या खुंटीला त्याच दिवशी पुन्हा दोर लागला होता, आणि पालथी वाटी पुन्हा पालथीच राहिली. बाराव्या दिवशी तिघं माथ्यावर गेले. मोठं मोहोळ तोवर उठून गेलं होतं. कपारीत फक्त तळहाताएवढं एक पोळं राहिलं होतं.

मेहुण्यानं पाय रोवून दोर धरला. खेमा म्हणाला, "आबा, शेपटाकडून तुम्हीही धरा."

"रिवाजात बसत नाही," आबा पुटपुटला. मेहुणा नुसता एक पाऊल पुढं सरकला आणि त्यानं मागं जागा करून दिली.

खाली वारा घोंगावत होता. खेमानं एक हिसका दिला. वरून उत्तर आलं, एक घट्ट हिसका, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक, थरथरता. कड्याला लोंबकळत असताना खेमा पोरासारखा हसला.

त्या पोळ्यातलं अर्धं त्यानं माश्यांना ठेवलं. उरलेल्यातून मध निघाला तो आबानं केलेल्या बोराएवढ्या वाटीत मावला. वाटी तळहातावर घेऊन तो डोंगर ओलांडून गेला आणि चिंचेखालच्या घराच्या उंबऱ्यावर ती ठेवली.

गिरजानं वाटीकडं बघितलंही नाही. "दोर कुणी धरला?" तिनं विचारलं.

"दोघांनी."

तिनं मागं उभ्या असलेल्या भावाकडं बघितलं. भावानं मान हलवली. मग ती आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत बोचकं होतं. चिमीनं वाटीत बोट बुडवलं, चोखलं, आणि मग ओळख पटल्यासारखी खेमाच्या पायाला बिलगली.

त्या संध्याकाळी गुरं परतायच्या वेळी गिरजा चूल पेटवत होती. खेमा ओसरीवर उठून उभा राहिला आणि त्याचे पाय चपलेत शिरले. तिनं ते बघितलं.

"अजून आठवते?" तिनं विचारलं.

"रोज. याच वेळेला. जाईल असं वाटत नाही."

त्यानं खांबाचा दोर धरून एक हिसका दिला. ओढ्यापलीकडून मडक्याचा गळा खडखडला. त्यानं चपला काढून ठेवल्या. गिरजा हात पदराला पुसून पुढं आली. "मला दाखवा कसा देतात ते," ती म्हणाली.

ओढ्यापलीकडं आबा चाकावर बसला होता. किती वर्षांनी त्यानं आज रांजणाची माती घेतली होती. गळा अजून सरळ उतरत नव्हता. एवढ्यात खुंटी पुन्हा वाजली. हा हिसका नेहमीचा नव्हता, हलका होता. त्याच्या मागून आणखी एक आला, इतका बारीक की दोरावर चिमणी बसली असावी. आबानं चाक थांबवलं, मातीचे हात तसेच दोराला लावले आणि प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर दिलं. आहे. आहे.

तात्पर्य: झाडाला बांधलेला दोर ओझं पेलतो, पण हाकेला ओ देत नाही. व्यसनाच्या कड्यावरून उतरायचं असेल तर दुसऱ्या टोकाला माणूस असू द्यावा, आणि त्यानं कधी हाक दिली तर त्याच्या हाताला रिकामी खुंटी लागू देऊ नये.